तुमचं पाणी कुठून येतं?

बोरमळ्यात गेनबा भाडळ्यांना गेनबा म्हणणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. बाकीचं गाव त्यांना भैरू म्हणतं. किराणावाला भैरूअण्णा म्हणतो, पोरं भैरूबाबा म्हणतात. खुद्द यमुनाबाई, म्हणजे त्यांची बायको, रागावली की म्हणते, "भैरू तो भैरूच."

भैरू हे त्यांचं नाव नव्हे. ते त्यांचं सोंग.

गेनबा ऐन तारुण्यात आरोग्य खात्याच्या कलापथकात लागले. आवाज बरा होता. चेहरा त्याहून बरा, म्हणजे नुसता दिसला तरी हसू यावं असा. जुनाट जीपमध्ये पेटी, ढोलकी, पडदे आणि पावडरीचे डबे कोंबून मंडळी जिल्हाभर फिरत. कधी हिवतापाचा वग, कधी नारूचा, कधी लसीचा. विषय बदलायचा, भैरू बदलायचा नाही. कारण प्रत्येक वगात एक अडाणी माणूस लागतोच. लस टोचायला आलेली बाई दिसली की हा माळ्यावर लपणार. दारातल्या डबक्यातल्या डासांची बारशी करणार. कावीळ झाली की मंतरलेली माळ गळ्यात घालून गावभर हिंडणार, आणि माळ वाढत वाढत गुडघ्याला लागली की दुखणं उतरलं म्हणून पेढे वाटणार. मग त्याची शहाणी सून यायची, त्याला फैलावर घ्यायची. शेवटी भैरू टोपी काढून लोकांकडे वळायचा आणि म्हणायचा, "चुकलं बरं का, मंडळी."

लोक हसून लोळायचे. आयांना पोरांना दटावायला एक नाव मिळालं. भैरूसारखा वागू नकोस.

पण पेटी उघडायच्या आधी पथकाचा एक नेम होता. तो पथकाबरोबर फिरणाऱ्या डॉक्टरांनी घालून दिलेला. उंच, काटकुळे, तापट गृहस्थ. जीप गावात शिरली की कुणी पारावर टेकायचं नाही, कुणी चहाला जायचं नाही. डॉक्टर जमलेल्या लोकांना एकच प्रश्न विचारत. "तुमचं पाणी कुठून येतं?"

मग सगळी वरात पाण्याकडे. भैरू तोंडाला रंग लावून, अर्ध्या मिशीनिशी. पुढे डॉक्टर, मागे पोरंबाळं, त्यांच्या मागे कुत्री. आड असो, विहीर असो, ओढ्यातला झिरा असो. डॉक्टर काठावर ओणवे होऊन आत बघत. धुणं कुठं धुता, गुरं कुठं बसतात, सांडपाणी कुठल्या बाजूनं उतरतं, सगळं विचारत. मग पाण्यात जंतुनाशक पावडर पडायची. काठ फुटका असेल तर तो कधी बांधणार हे सरपंचाकडून चारचौघांत वदवून घेतल्याशिवाय डॉक्टर हलत नसत. त्यानंतर ढोलकी.

एकदा अंधारून यायला लागलं म्हणून ढोलकीवाल्या माऊलींनी आधीच ढोलकी चढवायला घेतली. डॉक्टरांनी ती त्यांच्या मांडीवरून उचलली आणि जीपमध्ये नेऊन ठेवली.

"माऊली, आधी त्यांचं पाणी बघू. मग त्यांना हसू."

गेनबांना तेव्हा हा नेम म्हणजे कटकट वाटायची. उन्हात रंग वाळून गाल ओढायचे, लोकांनी सोंग आधीच पाहिलेलं असायचं. पण नेम मोडला नाही. पुढे डॉक्टर गेले. मग जीप गेली. मग पथकातला जो निवृत्त होईल त्याच्या जागी माणूस भरणं थांबलं. गेनबा शेवटून दुसरे. शेवटचे माऊली. माऊली निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसातल्या कुणीतरी ढोलकी सामानाच्या खोलीत ठेवायला मागितली. माऊलींनी दिली नाही. कुणी परत मागितलीही नाही.

तोवर गाव शहरात आलं होतं. गाव जागचं हललं नव्हतं, हद्द चालून आली. खराडीच्या काचेच्या इमारती बोरमळ्याच्या टेकडीवरून पूर्वी लांब चमकायच्या. आता त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नाल्यापलीकडच्या जमिनी विकल्या गेल्या आणि तिथं टाऊनशिप झाली. कारंजं, पोहायचा तलाव, पळायला रबराची वाट. गेनबांचा मुलगा विक्रम खराडीतल्या एका कंपनीत लागला. संगणक बिघडले की बघायचे, हे त्याचं काम. घरात भाग्यश्री आली. शिकलेली, हजरजबाबी सून. सासऱ्याचं सोंग तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

"मामंजी, तुमच्या वगात सून एवढी शहाणी आणि सासरा एवढा मठ्ठ का असायचा?"

"लिहिणारी कुणाची तरी सून आसंल," गेनबा म्हणत.

आता बोरमळ्याच्या पाण्याचं सांगायला हवं. गावाची जुनी लाइन टाकीतून निघते आणि नाल्यातून आडवी येते. ती टाकली तेव्हा नाला उन्हाळ्यात कोरडा असे आणि पावसाळ्यात त्यात खेकडे सापडत. टाऊनशिप झाली, तिच्या सांडपाण्याच्या चेंबरची झाकणं नाल्याच्या काठावर आली आणि ती वर्षाचे बारा महिने उतू जाऊ लागली. लाइन बुडाली. तिचे सांधे बुडाले. पाणी सकाळी येतं, मग बंद होतं. बंद झालं की रिकामा पाइप आजूबाजूचं जे असेल ते आत ओढतो. हे कळायला शिक्षण लागत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. गावानं अर्ज केले. अर्ज मिळाल्याचे शिक्के आले. गेनबा स्वतः पाण्याच्या ऑफिसात इतक्यांदा जाऊन बसले की तिथला शिपाई त्यांना चहा विचारू लागला. साहेब मात्र कायम साइटवर असत. कुठल्या साइटवर, ते कधी कळलं नाही. बोरमळ्यात तरी कधी दिसले नाहीत.

गणपती गेले आणि गाव पिवळं पडायला लागलं.

आधी सुतारांच्या घरी. मग मारुतीच्या आळीत जवळजवळ प्रत्येक घरात. मग तपासणीचं पथक आलं. तरुण मुलं, गळ्यात ओळखपत्रं, हातात मोबाइल. ती दारोदार एकच प्रश्न विचारत गेली. "पाणी उकळून पिता का?" हो म्हटलं की मोबाइलवर एक खूण, नाही म्हटलं की दुसरी. मग हातात एक गुळगुळीत कागद. त्यावर हसरं कुटुंब, हसरं पातेलं आणि पातेल्यातून निघणारी हसरी वाफ.

गेनबा एका मुलाला म्हणाले, "चला, पाणी कुठून येतं ते दावतो. हितंच हाय, नाल्यात."

मुलगा सभ्य होता. म्हणाला, "आजोबा, ते आमच्या फॉर्ममध्ये नाहीये."

भाग्यश्रीला सातवा महिना होता. आधी दोन दिवस तिला अन्नाचा वास नको झाला. दिवस राहिल्यापासून वास नकोसे होतच होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आत्या, माझे डोळे बघा." यमुनाबाईंनी पाहिले. हळद लावावी तसे डोळे.

शहरातल्या दवाखान्यात दाखल केलं. गरोदरपणात ही कावीळ वाईट, असं डॉक्टर म्हणाले. आईला धोका आहे, बाळाला धोका आहे, आपण प्रयत्न करू. हे सगळं त्यांनी नीट, माणुसकीनं सांगितलं. आणि वळता वळता विचारलं, "पाणी उकळून पीत होतात ना?"

तोच प्रश्न नर्सनं विचारला. तोच केसपेपर करणाऱ्या बाईनं. तोच भेटायला आलेल्या विक्रमच्या साहेबांनी. चौथ्यांदा यमुनाबाईंनी उत्तर दिलं.

"उकळत व्हतो की. प्यायचं उकळत व्हतो. दात घासायचं न्हाई उकळलं. भाजी धुवायचं न्हाई उकळलं. पोरगी आंघोळ करताना तोंड मिटून करीत न्हवती, ते तेवढं चुकलंच आमचं."

विक्रम भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या खिशात मोबाइल वाजला. कंपनीनं सगळ्यांना आरोग्याचं एक ॲप दिलं होतं, ते वाजलं होतं. विक्रमनं वाचलं आणि वडिलांच्या हातात दिलं. त्यावर निळा थेंब होता, डोळे मिचकावणारा. 'आज तुम्ही पुरेसं पाणी प्यायला नाहीत. स्वतःच्या आरोग्याची जबाबदारी घ्या.'

गेनबांनी तो मजकूर दोनदा वाचला. मोबाइल मुलाला परत दिला.

"ह्याला इचार," ते म्हणाले, "कुठलं पिऊ."

त्याच आठवड्यात सृष्टी घरी आली. सृष्टी कर्वेनगरला खोली घेऊन राहणारी मुलगी. मराठीत एम.ए. केलेली. वर्षभरापूर्वी कलापथकांवर प्रबंध लिहायचा म्हणून ती गेनबांना शोधत आली होती आणि मग येतच राहिली. यमुनाबाईंच्या हातची बाजरीची भाकरी खायची, गेनबांकडून वगातल्या जागा म्हणून घ्यायची. प्रबंध राहिला. पोटासाठी ती एका जाहिरात कंपनीत लिहायला लागली. त्या दिवशी ती कंपनीच्या पृथ्वीराज सरांना घेऊन आली होती. विक्रम आणि यमुनाबाई दवाखान्यात. घरी एकटे गेनबा, पिठाच्या डब्याशी झटापट करत.

पृथ्वीराज सर तिशीचे. उत्साही. चपला बाहेर काढताना त्यांनी दाराच्या चौकटीचा फोटो काढला.

"काका, तुमच्याबद्दल सृष्टीनं खूप सांगितलंय. भैरू म्हणजे लिजंड. तर प्रोजेक्ट असा आहे, 'निरोगी बोरमळा'. आता बघा, आधीचा हेल्थचा अप्रोच कसा होता, सरकारनं येऊन सगळं करायचं. पावडर टाका, गोळ्या वाटा. ते मॉडेल आता गेलं. आता फोकस बिहेवियरवर आहे. माणूस बदलला की आरोग्य बदलतं. पटतंय ना?"

"आन् पाणी?"

"एक्झॅक्टली. पाणी उकळून प्या, हात धुवा. हाच मेसेज. पण ह्यूमरमधून. भैरूच्या तोंडून."

"पैसे कोण घालतंय ह्यात?"

पृथ्वीराज सरांनी टाऊनशिपचं नाव घेतलं. नाल्यापलीकडची. समाजकार्यासाठी दरवर्षी त्यांना काही रक्कम खर्च करावीच लागते, आणि शेजारचं गाव म्हणून त्यांनी बोरमळ्याला प्राधान्य दिलं, असं सांगितलं. गेनबा पीठ लागलेले हात तसेच मांडीवर ठेवून बसले.

सृष्टीनं संहिता पुढे केली. तिनं जीव ओतून लिहिली होती. भैरू नळाला तोंड लावून पाणी पितो. भैरूला कावीळ होते. भैरू माळ घालतो. मग त्याची स्मार्ट सून मोबाइलवर बघून त्याला सगळं समजावून सांगते.

"सून कोण करणार?" गेनबांनी विचारलं.

"आमच्याकडची एक मुलगी आहे, काका. पण तुम्ही म्हणालात तर भाग्यश्रीवहिनींनाच विचारू या. त्या छान करतील. कुठे आहेत त्या?"

गेनबांनी सांगितलं.

सृष्टीच्या हातात संहिता होती. ती तिनं पिशवीत घालायचा प्रयत्न केला, ती गेली नाही. तिनं तिची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. पृथ्वीराज सर म्हणाले, "ओह. सॉरी, काका. गेट वेल सून सांगा त्यांना." थोडं थांबून म्हणाले, "तुम्हाला जमणार नसेल तर वी अंडरस्टँड. दुसरा आर्टिस्ट बघू."

"कार्यक्रमाला येणार कोण?"

"चीफ गेस्ट पाण्याच्या ऑफिसचे साहेब आहेत. आणि टाऊनशिपचे मॅनेजर. दोघांनी कन्फर्म केलंय."

गेनबांनी दाराबाहेर पाहिलं. ज्या माणसासाठी गावानं चपला झिजवल्या, तो स्वतःच्या पायानं गावात येणार होता. भैरूला बघायला.

"करतो," ते म्हणाले. "पण ढोलकी माऊलींची. आन् पेटी उघडायच्या आदी आमच्या पथकाचा एक नेम हाय. तो करू द्यायचा."

"नमन वगैरे? अरे, नक्की करा, काका. ऑथेंटिक वाटेल."

सृष्टी वर बघत नव्हती. नेम कोणता ते तिला ठाऊक होतं. तिच्या अपुऱ्या प्रबंधाचं पहिलं पान त्यावरच होतं. तिनं सरांना ते सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे भाग्यश्रीच्या पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती. भाग्यश्री शुद्धीत नव्हती, तिला कळलं नाही. विक्रमनं कापडात गुंडाळलेलं ते एवढंसं घेतलं आणि चुलत्याबरोबर गेला. गेनबा दवाखान्याच्या पायरीवर बसले. शेजारी यमुनाबाई. पायरीवरून लोक चढत होते, उतरत होते.

"म्या त्यास्नी न्हाई म्हणून कळवतो," गेनबा म्हणाले.

यमुनाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"नका कळवू. जावा. रंग लावून जावा. नुसता गेनबा गेला तर त्याच्यासाठी कोण थांबतंय? इतकी वर्सं कोण थांबलं? भैरूला तरी लोक बघत्यात."

शाळेच्या पटांगणात मांडव होता. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यांच्या मागे सतरंजी. टाऊनशिपच्या नावाचा फलक. येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याची सीलबंद बाटली. बाटली घेताना बायका एकमेकींकडे बघत होत्या.

साहेबांचं भाषण झालं. भाषण चांगलं होतं. पूर्वी लोक प्रत्येक गोष्टीसाठी शासनाकडे बघायचे, असं ते म्हणाले. आता काळ बदलला. आता आरोग्य ही ज्याची त्याची वैयक्तिक जबाबदारी आहे. चाला, पाणी उकळा, ताण घेऊ नका. मॅनेजर माना डोलावत होते. मागे सतरंजीवर सुतारांची म्हातारी बसली होती. तिच्या घरातले तिघं आजारी. ती मोठ्यानं म्हणाली, "घेत न्हाई बाबा ताण." पुढच्या सोफ्यांपर्यंत ते ऐकू गेलं, पण तिथं कुणी मागे वळलं नाही.

मग भैरू आला. अर्धं धोतर, ठिगळाची बंडी, एका बाजूची मिशी, गळ्यात काविळीची माळ. लोकांनी बऱ्याच वर्षांनी त्याला पाहिलं. हसू फुटलं. पण ते मधेच थांबलं. भाडळ्यांच्या घरचं सकाळचं गावाला कळलेलं होतं. जी माणसं हसली होती त्यांनी मान खाली घातली.

भैरू रंगमंचाच्या कडेपर्यंत आला. गळ्यातली माळ काढून खाली ठेवली. माऊलींनी ढोलकीला हात लावला नव्हता. ते नुसते बघत होते.

"मंडळी," भैरू म्हणाला, "तुमचं पाणी कुठून येतं?"

शकू गुरव उठली. तोंडाची फटकळ बाई.

"नळाला येतं, भैरूअण्णा. आजून कुठून?"

"आन् नळाला कुठून येतं?"

"आता बोलू का साहेबांम्होरं?"

"बोल."

"गटारातून येतं."

"चला तर," भैरू म्हणाला. "आमच्या डॉक्टरांचा नेम हाय. पाणी बघितल्याबिगर ढोलकी वाजत न्हाई." तो पायऱ्या उतरून सोफ्यांपुढे आला, कमरेत वाकला आणि साहेबांपुढे हात धरला. "साहेब, चला. मानकरी तुम्ही. तुमच्याबिगर पाणी कसं बघायचं?"

साहेबांना हे नाटकातलंच वाटलं. पृथ्वीराज सरांनाही. त्यांनी कॅमेरेवाल्याला खूण केली, मागे राहा, सगळं घे. साहेब हसत उठले. मॅनेजरना उठावं लागलं. पुढे भैरू, मागे साहेब, मागे गाव. माऊली ढोलकी काखोटीला मारून चालत होते. मांडवात फक्त खुर्च्या राहिल्या आणि सीलबंद बाटल्या.

नाल्याच्या काठावर आल्यावर साहेबांचं हसू गेलं. वास होता. पलीकडच्या काठावर टाऊनशिपचं झाकण उतू जात होतं, पांढरा फेस नाल्यात उतरत होता. भैरू धोतर खोचून नाल्यात उतरला. गुडघ्याच्या वर लागलं. त्यानं हातानं चाचपलं आणि बुडालेल्या पाइपच्या सांध्याला गुंडाळलेली चिंधी काढली. ती कुणीतरी वर्षापूर्वी गुंडाळली होती, दुरुस्ती म्हणून. चिंधी निघाल्याबरोबर तिथला फेस फिरला. गोल फिरत फिरत तो पाइपमध्ये जाऊ लागला. पाणी बंद होण्याची वेळ होऊन गेली होती. पाइप रिकामा होता आणि तो पीत होता.

गुळगुळ असा आवाज येत होता. सगळ्यांना ऐकू येत होता.

भैरूनं तिकडे बोट केलं. कॅमेरा चालू होता.

"साहेब," तो म्हणाला, "हे किती येळ उकळायचं?"

साहेब म्हणाले, "एस्टिमेट मंजुरीसाठी वर गेलेलं आहे."

मॅनेजर म्हणाले, "लाइन आमच्या स्कोपमध्ये येत नाही."

"बराबर," भैरू म्हणाला. तो तसाच नाल्यात उभा होता. मिशी निघून गालाला लोंबत होती. "मंडळी, वग संपला की शेवटचं वाक्य आसतं. चुकलं बरं का, मंडळी. जल्मभर म्या म्हणलं. लशीला भ्यालो तरी म्या म्हणलं, डास झालं तरी म्या म्हणलं. आज माझी नात गेली. आज ते वाक्य म्या म्हणणार न्हाई. कोण म्हणतंय, सांगा."

साहेब बुटांकडे बघत होते. मॅनेजर फोनवर बोलायला बाजूला गेले. सृष्टी काठावर उभी होती. तिच्या पिशवीत घडी घातलेली संहिता होती आणि सून पहिल्या प्रवेशात काय बोलते ते तिला पाठ होतं. शकूनं हात देऊन भैरूला वर ओढलं. माऊलींनी ढोलकी वाजवली नाही.

पाणी त्याच दिवशी बंद झालं, टँकर आले. पुढच्याच आठवड्यात लाइन नाल्यातून उचलून खांबांवर घेतली. म्हणजे घेता येत होती.

भाग्यश्री वाचली. महिन्यानं घरी आली. ती आधीसारखी बोलत नाही. सकाळी नळाला पाणी आलं की हातातलं काम टाकून त्या धारेकडे बघत बसते. कुणी तिला उठवत नाही.

पंधरा दिवसांनी तिला पुन्हा दाखवायला नेलं, तेव्हा दवाखान्याच्या फाटकावर नवा फलक लागलेला होता. केवढा तरी मोठा. त्यावर भैरू होता. अर्धी मिशी, डोळ्यांत अंगार, रोखलेलं बोट. नाला नव्हता. पाइप नव्हता, फेस नव्हता, साहेब नव्हते. मागे गुळगुळीत निळा रंग दिला होता. बोट आता थेट बघणाऱ्याकडे होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'भैरू विचारतोय, पाणी उकळलंत का?' आणि कोपऱ्यात टाऊनशिपचं चिन्ह, हिरवं पान.

विक्रमनं रिक्षातून उतरता उतरता दगड उचलला. गेनबांनी त्याचं मनगट धरलं.

सृष्टीचा फोन संध्याकाळी आला. फलकाचं तिला माहीत नव्हतं. तिनं पृथ्वीराज सरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, इतकं नॅचरल एक्स्प्रेशन मॉडेलकडून आलंच नसतं. तिनं नोकरी सोडली होती. हे सांगताना तिचा आवाज सारखा तुटत होता.

"काका, मी तक्रार करते. ते काढायला लावते. तुमचा चेहरा आहे तो."

"ऱ्हाऊ दे, पोरी," गेनबा म्हणाले. "तोंड माझं हाय. त्या तोंडानं काय बोलायचं ते म्या ठरवीन."

तेव्हापासून गेनबा सकाळी जेवण करून निघतात आणि दवाखान्याच्या फाटकाशी, फलकाच्या सावलीत बसतात. रंग नाही, मिशी नाही. पण चेहरा तोच. लोक वर बघतात, मग खाली बघतात. रखवालदारानं त्यांना दोनदा हटकलं. गेनबांनी वर बोट दाखवलं. "त्याला आदी खाली उतरव," ते म्हणाले, "मग मला उठव." रखवालदार पुन्हा वाटेला गेला नाही. आता तो त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवतो.

परवा मांजरी गावाच्या पुढच्या कुठल्याशा वस्तीवरून वेणूबाई नावाची बाई आली. बरोबर नवरा, डोळे पिवळेधमक. हातात केसपेपर. तिनं फलक वाचला, मग स्टुलावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि कुणी काही विचारायच्या आधीच घाईघाईनं सांगू लागली.

"उकळत व्हतो हो आम्ही. द्येवाशप्पत. गॅस परवडंना, तरी उकळत व्हतो."

"बाई, ते न्हाई इचारत म्या," गेनबा म्हणाले. "तुमचं पाणी कुठून येतं?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मग ती केसपेपर छातीशी धरून सांगायला लागली. बोअरवेल होती. शेजारी नवीन बिल्डिंग झाली. त्यांचा शोषखड्डा आहे ना, तो अगदी लागून.

गेनबांनी स्टुलाखालच्या चपला पायांत सरकवल्या.

"मालकांना आत दाखवून घ्या," ते म्हणाले. "म्या हितंच थांबतो. मग जाऊ. तुमचं पाणी बघू."